विरजणखोलीची सफाई

प्रांताच्या मद्य संशोधन केंद्रातून डॉक्टरबाई येणार असे ठरले, तेव्हा ओनोदेरा किन्साकु यांनी विरजणखोली धुवायला काढली.

ओनोदेरा हे जपानच्या अकिता प्रांतातल्या ‘हात्सुशिमो’ या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्याचे मुख्य कारागीर. शेतातले भात घरात आले की डोंगरापलीकडच्या आपल्या गावातून ते चार माणसे घेऊन येत आणि बर्फ वितळेपर्यंत कारखान्यातच राहत. माणसे त्यांना ओयाजी म्हणत. ओयाजी म्हणजे बाप. मालक सासामोरी कुनिहिकोही तेच म्हणत. कुनिहिकोंचे वडील होते तोवर तेही म्हणत, जरी ते ओनोदेरांपेक्षा वयाने बरेच मोठे होते.

साकेचे विरजण जिथे लागे त्या खोलीत ओयाजी आणि त्यांची चार माणसे यांच्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. मालक दारातून बोलत. संशोधन केंद्राच्या डॉ. हाताकेयामा रित्सुको यांनी अनेकदा परवानगी मागितली होती. जुन्या पद्धतीने साके करणाऱ्या घरांत लॅक्टिक आम्ल तयार करणारे कोणते जिवाणू राहतात आणि ते माणसाच्या पोटाला काही उपयोगाचे आहेत का, हा त्यांचा विषय. ओयाजी दरवेळी नाही म्हणाले. या वर्षी मालकांनी फारच गळ घातली. ओयाजी म्हणाले, “येऊ द्या,” आणि त्यांची झोप उडाली. सरकारी माणूस पहिल्यांदाच खोली बघणार होता.

लाकडी पिंपे उकळत्या पाण्याने धुतली, बांबूच्या ब्रशने घासली आणि पुन्हा उकळत्या पाण्याने धुतली. घोटायच्या लांब दांड्या जुन्या दिसत होत्या म्हणून नव्या आणल्या. गवती चटया जाळल्या. भिंतींवर आजोबांच्या काळापासून काळे डाग होते, ते खरवडून ब्लीचने पुसले.

“ओयाजी, तुळयाही?” यासुओने विचारले. यासुओ हा ओयाजींचा उजवा हात. तो पन्नाशीचा होता आणि गेली कित्येक वर्षे प्रश्न विचारण्याचे काम त्याच्याकडेच होते.

“तुळया वर आहेत म्हणून बाईंना दिसणार नाहीत का?”

“बाई वर कशाला बघतील?”

“डॉक्टर आहेत. कुठेही बघतील.”

तुळयाही पुसल्या.

डॉ. हाताकेयामा आल्या. त्यांनी कापसाच्या काड्या पिंपांवरून, भिंतींवरून आणि शिडी मागवून तुळयांवरूनही फिरवल्या. ओयाजींनी यासुओकडे पाहिले. बाईंनी चहा घेतला, खाली वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. एकाही काडीवर काही उगवले नव्हते.

“ओयाजी, खरं सांगू? इतकी स्वच्छ खोली मी ऑपरेशन थिएटरमध्येही पाहिलेली नाही.”

“थोडं फार करतो आम्ही,” ओयाजी म्हणाले.

बाईंनी विचारले, “या वर्षीचं विरजण कधी घालताय?”

“पुढच्या आठवड्यात.”

“हो का,” बाई म्हणाल्या.

जेवताना ओयाजींनी ऑपरेशन थिएटरची गोष्ट सगळ्यांना सांगितली. एरवी ते जेवताना बोलत नसत.

हात्सुशिमोचे विरजण असे लागते. वाफवलेला तांदूळ, बुरशी चढवलेला तांदूळ आणि विहिरीचे पाणी एकत्र करून दांड्यांनी घोटतात. मग थांबतात. आंबट होईपर्यंत बाहेरून काही घालत नाहीत. मागच्या वर्षीचे चमचाभर राखून ठेवावे तर तेही जमत नाही, कारण साकेत दारू चढली की ते जिवाणू मरतात. लाकडात, भिंतीत, तुळयांवर जे राहतात ते आपणहून उतरतात आणि मिश्रण आंबट करतात. आंबट झाले की बाकीची घाण त्यात टिकत नाही आणि मग घातलेल्या, दारू चढवणाऱ्या यीस्टला मोकळे घर मिळते. आंबट झाले नाही तर कोणीही येते.

पहिल्या घाण्यात कोणीही आले. आठवडा उलटला तरी मिश्रण गोडच होते आणि मग त्याला ओल्या पायमोज्यांचा वास सुटला. ओयाजींनी ते ओतून दिले. थंडी जास्त पडली असे ते म्हणाले. दुसऱ्या घाण्यात आंबटपणा मोजायच्या यंत्रावर काटा हलला. ओयाजींनी चव घेतली, “आलं,” असे म्हणाले आणि चौघांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी कळले की आंबटपणा व्हिनेगरचा होता. तोही घाणा ओतला. गटाराजवळचा बर्फ पिवळा झाला, आणि येणारे जाणारे त्याला वळसा घालून पुढे जात.

मालक दारात आले. त्यांच्या हातात काचेची बाटली होती. बाकीचे कारखाने हेच करतात: तयार लॅक्टिक आम्ल बाटलीतून ओततात. काम निम्म्या वेळात होते आणि बिघडत नाही. फक्त मग लेबलवर ‘जुन्या पद्धतीचे’ असे लिहिता येत नाही. हात्सुशिमोच्या लेबलवर दुसरे काही लिहिण्यासारखे नव्हते.

“ओयाजी, हिवाळा लवकर सरतोय यंदा,” मालक म्हणाले. मालकांना अवघड बोलायचे असले की ते हवेपासून सुरुवात करत.

“सरतोय.”

“तिसराही घाणा गोड राहिला तर बाटली उघडू. मग ही पिंपं ठेवून काय करायची. नगरपालिकेच्या संग्रहालयाला हवीच आहेत.”

“उघडा,” ओयाजी म्हणाले. “पण मी आधी बस पकडतो. मी इथे आलो तेव्हापासून या खोलीत बाटली उघडलेली नाही. मी असताना उघडायची नाही.”

मालकांनी बाटली उंबऱ्याबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी ओयाजींची बॅग दिसली.

डॉ. हाताकेयामांना मालकांनीच फोन लावला. कार्यालयात स्पीकर चालू ठेवला होता, ओयाजी भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

“ओयाजी, राग मानू नका. ती तुमची खोली इतकी धुतली गेली की...”

“तुम्ही येणार होतात,” ओयाजी म्हणाले.

“मी त्या जिवाणूंनाच भेटायला येणार होते.”

मग बाई म्हणाल्या की एक मार्ग आहे, पण तो जरा विचित्र आहे. गेल्या हिवाळ्यात केंद्राने साके, मिसोचा खारट लगदा आणि सोया सॉस करणाऱ्या घरांतल्या लोकांच्या पोटांची पाहणी केली होती. लोकांनी डबीत शौचाचे नमुने दिले होते. हात्सुशिमोतूनही काही जणांनी दिले. त्यातल्या एका व्यक्तीच्या नमुन्यात एक जिवाणू निघाला होता. तो थंडीत वाढतो, तांदळात वाढतो आणि भरपूर आंबट करतो. असा जिवाणू माणसाच्या पोटात सहसा सापडत नाही, जुन्या पद्धतीच्या विरजणात सापडतो. बाईंनी तो वेगळा करून गोठवून ठेवला होता.

“म्हणजे आमच्याच खोलीतला?” मालकांनी विचारले.

“माझी खात्री आहे. दुसरीकडून येणार कुठून?”

“कोणाच्या पोटात?” ओयाजींनी विचारले.

“ते सांगता येत नाही. नियम आहे. त्या व्यक्तीला मी आज फोन करीन. ती हो म्हणाली तर उद्या कुपी घेऊन येते.”

फोन ठेवल्यावर ओयाजी थेट स्वयंपाकघराकडे निघाले. पाहणीच्या वेळी त्यांनी आपल्या माणसांना डब्या रिकाम्याच परत करायला लावल्या होत्या. आमचे जे काही आहे ते इथेच राहील, असे ते तेव्हा म्हणाले होते. आणि विरजण कच्चे असताना खाल्ल्याशिवाय ते जिवाणू कोणाच्या पोटात जाणार नव्हते.

त्यांनी चौघांना स्वयंपाकघरात बसवले.

“डबी कोणी दिली?”

“मी नाही,” यासुओ म्हणाला. “माझ्या पोटात रामेन शेवयांशिवाय काही नसतं, लाज वाटली असती.”

“चेष्टा नको.”

“ओयाजी, तुम्ही नाही म्हणालात, आम्ही दिली नाही. मला तर तेव्हा देता आलीच नसती. आठवडाभर बद्धकोष्ठ होतं.”

दुसरा म्हणाला, “यासुओ-सान, ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे. शौचालय एकच आहे.”

बाकीचे हसले. ओयाजी हसले नाहीत. डबी देणारे आणखी कोण? मालकांनी दिली होती, पण मालकांना कच्च्या विरजणाच्या वासानेच मळमळते. ड्रायव्हरने दिली होती, पण तो कारखान्याच्या या बाजूला फिरकत नाही. तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

मालकीणबाई तोमिए-सान मितोच्या. मितो हे नात्तोचे गाव. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन, चिकट, जेवायच्या काड्यांनी उचलले की तारा सुटतात. मितोची माणसे ते सकाळी भातावर घेतात आणि त्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. साके करणारे मात्र मोसम सुरू झाला की नात्तोला शिवत नाहीत, कारण त्यातला जिवाणू उकळूनही मरत नाही आणि एकदा तांदळात शिरला की कारखाना बंद पाडतो. नवी नवरी म्हणून आल्यावर पहिल्याच सकाळी तोमिएंनी नात्तो आहे का, असे विचारले होते. ओयाजींच्या ते कानावर गेले. तेव्हापासून विरजणखोलीकडे जाणारा बोळ त्यांना बंद होता. आपण नात्तो सोडले आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. ओयाजी म्हणाले होते, “मितोची माणसं सोडत नाहीत.”

“डॉक्टरबाईंचा फोन आला होता,” तोमिए म्हणाल्या. “मला.”

चौघांनी आपापल्या वाट्यांत पाहिले. मालक बायकोच्या मागून आले होते, ते तिथेच राहिले.

“तुम्ही विरजण खाल्लंत,” ओयाजी म्हणाले.

“हो.”

“कधी?”

“सकाळी. तुम्ही सगळे नाश्त्याला बसता तेव्हा.”

“किती वेळा?”

“रोज. आंबट असतं तोवर. दारू चढली की नाही.”

“कधीपासून?”

“लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून. माझं पोट साफ होत नव्हतं, ओयाजी. इथल्या पाण्यानं असेल, सासूबाईंच्या स्वयंपाकानं असेल. एकदा चमचाभर खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी...” त्यांनी चौघांकडे पाहून वाक्य सोडून दिले.

“मला कधी बोलली नाहीस,” मालक म्हणाले.

“पोटाचं बोलले होते. तुम्ही म्हणालात, यंदा बर्फ फार आहे.”

ओयाजींनी चौकशी सोडली नव्हती. “पायात काय घालून जात होता?”

“नुसते मोजे. धुतलेले.”

“चमचा?”

“माझा. उकळून नेत होते.”

“आणि नात्तो?”

बाहेर छतावरचा बर्फ घसरून पडला, त्याचा आवाज झाला.

“सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये,” त्या म्हणाल्या. “गाडीत. परत आल्यावर कपडे बदलते.”

“रोज?”

“रविवारी दुकान उशिरा उघडतं.”

ओयाजी पालथ्या बादलीवर बसले. यासुओ हिशेब करत होता, तो त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

“म्हणजे ओयाजी, इतकी वर्षं बाई नात्तो खाऊन खोलीत येत होत्या आणि एकही घाणा बिघडला नाही. आणि ज्या वर्षी आपण तुळयासुद्धा...”

“यासुओ.”

“हो.”

“तांदूळ भिजत घाल.”

यासुओ उठला. बाकीचे तिघेही उठले, एका माणसाच्या कामाला चौघे गेले. ओयाजींनी तोमिएंना विचारले, “डॉक्टरबाईंना काय सांगितलंत?”

“काही नाही अजून. म्हटलं आधी तुम्हाला विचारते. विरजण तुमचं आहे.”

“पोट तुमचं आहे.”

“माझी हरकत नाही,” तोमिए म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉ. हाताकेयामा थर्मासच्या आकाराच्या डब्यात कुपी घेऊन आल्या. ओयाजींनी ती उजेडात धरली. आत धुरकट पाणी होते.

“डॉक्टरबाई, हे तिथून आलंय.”

“मूळ तिथून. त्यानंतर प्रयोगशाळेत मी ते किती तरी वेळा नवीन वाढवलंय. यात त्या जिवाणूशिवाय काही नाही. तुमच्या विहिरीच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे.”

“स्वच्छतेचं आता बोलू नका.”

“बरं.”

“हे घातलं तर जुन्या पद्धतीचं म्हणता येईल?”

“आम्ल ओतत नाही आहात. जिवाणूच आंबट करणार, आणि तेही तुमच्या घरचेच. मधे थोडा काळ बाहेर होते, इतकंच.”

“बाहेर कुठे,” ओयाजी म्हणाले. “आतच होते.”

खोलीच्या कोपऱ्यात देवाची फळी आहे. कुपी ओतण्यापूर्वी ओयाजी तिच्यापुढे उभे राहिले, दोनदा वाकले, दोनदा टाळी वाजवली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ काही तरी पुटपुटले. देवाला नेमके किती सांगितले ते त्यांनी कोणाला कळू दिले नाही. यासुओला फक्त शेवटचे शब्द ऐकू आले, ते ‘परके नाहीत’ असे होते. मग ओयाजींनी स्वतः कुपी पिंपात उपडी केली, नव्या दांडीने ढवळले आणि झाकण ठेवले.

पुढचे दिवस काही घडले नाही, आणि विरजणाच्या बाबतीत ते चांगले की वाईट हे सांगता येत नाही. रोज सकाळी गरम पाण्याचे छोटे पिंप मिश्रणात सोडायचे, हळूहळू फिरवायचे, काढून घ्यायचे. ओल्या पायमोज्यांचा वास आला नाही. दुसराही कुठला वास आला नाही. मालक रोज दारात येऊन यंत्राचा आकडा सांगत, आणि एका सकाळी म्हणाले की काटा वर चालला आहे.

“मागच्या वेळीही चालला होता,” ओयाजी म्हणाले.

त्यांनी चमचा घेतला, चव घेतली, थुंकले, तोंड धुतले आणि पुन्हा चव घेतली. आंबट होते. पण दुसऱ्या घाण्याच्या वेळीही त्यांना तसेच वाटले होते. त्यांनी यासुओला चव दिली.

“आलंय,” यासुओ म्हणाला.

“मागच्या वेळीही तू टाळ्या वाजवल्यास.”

“तुम्ही ‘आलं’ म्हणालात म्हणून वाजवल्या.”

“मालक, तुम्ही?”

मालकांनी वास घेतला आणि रुमाल तोंडाला लावला. बाकीच्या तिघांना विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ते यासुओ म्हणेल तेच म्हणत. ओयाजी चमचा हातात धरून उभे राहिले. उंबऱ्यापलीकडे बाटली होती आणि बाटलीशेजारी बॅग. आज यीस्ट घातले आणि हा आंबटपणा खोटा निघाला, तर चौथा घाणा नव्हता. अजून वाट पाहिली आणि हा खरा असला, तर तो हातचा जाणार होता.

“मालकीणबाईंना बोलवा,” ते म्हणाले.

तोमिए आल्या. बोळाच्या तोंडाशी त्या सवयीने थांबल्या. ओयाजींनी पुढे या अशी खूण केली. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि पुन्हा थांबल्या.

“सकाळी काय खाल्लंत?” ओयाजींनी विचारले.

तोमिएंनी नवऱ्याकडे पाहिले. नवरा खिडकीतून बर्फाकडे बघत होता.

“नात्तो,” त्या म्हणाल्या.

चौघेही जागच्या जागी थांबले. यासुओने पिंपाचे झाकण अर्धे ओढून घेतले. ओयाजींनी कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवले.

“मग आधी हात धुवा. कोपरापर्यंत. तोंडही.”

तोमिएंनी धुतले. ओयाजींनी आपल्या वहाणा काढून त्यांच्यापुढे सरकवल्या आणि स्वतः मोज्यांवर उभे राहिले. त्या आत आल्या, अंधारातही चुकणार नाही अशा पावलांनी थेट पिंपापाशी गेल्या आणि चमचा भरून तोंडात घातला. त्या थुंकल्या नाहीत. त्यांनी गिळले, डोळे बारीक केले आणि खोलीत कोणीच नाही अशा थाटात जीभ टाळूला लावून पाहिली.

“तेच आहे,” त्या म्हणाल्या.

“नक्की? व्हिनेगर नाही?”

“व्हिनेगर नाकात जातं. हे गालात थांबतं. तेच आहे.” त्यांनी आणखी अर्धा चमचा घेतला. “पण दरवर्षी याहून थोडं जास्त आंबट असतं.”

“किती जास्त?”

“दरवर्षी दुसऱ्या चमच्याला माझा उजवा डोळा मिटतो. आज मिटला नाही.”

ओयाजींनी हे ऐकून घेतले. मग त्यांनी स्वतः दुसरा चमचा घेतला. खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिले. तो उघडाच राहिला.

“यासुओ,” ते म्हणाले, “गरम पाण्याचं पिंप आण. यीस्ट आज नाही.”

“उद्या?”

“ते या सांगतील.”

यासुओ पाणी आणायला निघाला. उंबऱ्याबाहेर बॅग वाटेत होती, ती त्याने पायाने भिंतीकडे सरकवली. तोमिए चमचा नळाखाली धरून उभ्या होत्या.

“मालकीणबाई,” ओयाजी त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, “उद्या याच वेळेला. आणि नाश्त्याच्या वेळी चोरून यायचं नाही. उघड यायचं.”

“बरं,” तोमिए म्हणाल्या. “पण मग नात्तो आधी खाऊ की नंतर?”

ओयाजींनी पिंपावर झाकण ठेवले आणि ते नीट बसले आहे का ते दोन्ही हातांनी पाहिले.

“नंतर,” ते म्हणाले.